नळदुर्गच्या पुढं बंद पडलेली गाडी

माझी पत्नी महानंदा हिची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला मुरुमहून सोलापूरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. बाजारातली धान्याची पोती वाहणारी माझी जुनी पेट्रोल पिकअप त्या दिवशी रिकामी ठेवायची, पुढच्या सीटवर उशी टाकायची आणि सकाळी लवकर निघायचं, असा आमचा क्रम. तिची बहीण, माझा पुतण्या, शेजारचे, सगळे म्हणायचे की एखाद्या वेळी आम्ही नेतो. मी कुणाच्या हाती तिला सोपवत नसे. माझ्याशिवाय तिचं नीट होणार नाही असं मनाला पक्कं वाटे. आम्ही लिंगायत; रोज सकाळी आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन मी पूजेला बसे, पण नजर लिंगावर आणि चित्त दुसरीकडेच. देव ऐकतो की नाही, अशी शंकाही त्या दिवसांत मनात येऊ लागली होती.

त्यातच गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. रस्त्यावर वेगात असली की तिच्यासारखी गाडी नाही. पण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरायचं, आवाज वरखाली व्हायचा आणि फाटकाशी, चौकात, गतिरोधकावर गाडी गपकन बंद पडायची. उमरग्याच्या मिस्त्रींनी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले. मशीन लावून तपासलं, तर हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय एवढंच त्यात आलं. त्यांनी मनापासून काम केलं होतं. त्यांच्याकडं असताना गाडी गार असायची आणि बरी चालायची. तापली की पुन्हा तेच.

एका सकाळी उशीर झाला म्हणून पूजा न करताच निघालो. नळदुर्ग ओलांडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, तिथं वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली की दोन आचके द्यायची आणि विझायची. महानंदाचे पाय सुजलेले, श्वास जड झालेला. मी पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिलो. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

तेवढ्यात एक मोटार पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. पांढऱ्या साडीतल्या एक बाई उतरल्या. त्यांचं नाव सुमनताई. त्या नि त्यांचे यजमान सोलापूरला निघाले होते, बुद्धविहारात बहिणीच्या नातवाचं नामकरण होतं. मोटारीत माणसं भरलेली, दाटीवाटीनं एकच जागा होईल म्हणाल्या. मी नको म्हणणार होतो. दुसरी गाडी बघतो, असं सांगायला तोंडही उघडलं. तर महानंदाच दार उघडून हळूहळू उतरली.

"तुमी गाडीपाशी थांबा," ती म्हणाली. "म्या जाते."

मोटार दिसेनाशी झाली आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. बाटलीतल्या पाण्यानं हातपाय धुतले, बाभळीच्या सावलीत टॉवेल अंथरला आणि गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं. काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. वारा होता, लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, आणि मी नुसता बसलो होतो. तिला तूच नेलंस, तूच बघ, एवढंच मनात आलं आणि छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं झालं.

उठलो तेव्हा कसलीच घाई वाटत नव्हती. बॉनेट उघडून गाडी चालू केली. थरथरत का होईना, ती चालू राहिली. एरवी मी लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबून तिला सांभाळत असे. त्या दिवशी तिला तिच्या मनासारखं धडधडू दिलं आणि वाकून ऐकत राहिलो. धडधडीच्या आत एक बारीक आवाज होता, शिट्टी होण्याआधी कुकर करतो तसा. आवाजाच्या मागोमाग हात नेला. इंजिनात हवा जाते त्या भागाला एक बारीक रबरी नळी जोडलेली होती. वरून ती धड दिसत होती, पण खालच्या टोकाशी, वळणावर, बोटाला चीर लागली. चिरेवर बोट दाबलं आणि थरथर थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. त्या चिरेतून जास्तीची हवा आत ओढली जात होती आणि तिच्या मानानं पेट्रोल कमी पडत होतं. नळी तापून मऊ झाली की चीर आणखी उघडत असणार. इंजिन बंद करून नळीचं चिरलेलं टोक चाकूनं कापलं, उरलेली ओढून जागेवर बसवली आणि क्लिप आवळली. गाडी एका लयीत चालू लागली. मी तिथंच रस्त्यावर हात जोडले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा महानंदा मशीनवर होती. डोळे मिटलेले, चेहरा शांत. तिच्या उशाशी, तिचा हात हातात घेऊन, सुमनताई बसल्या होत्या. मध्ये रक्तदाब उतरला होता, ती घाबरली होती, म्हणून त्या तिला सोडून गेल्याच नाहीत. नामकरण तोवर होऊन गेलं होतं. मी त्यांच्या पायाकडं वाकलो तर त्यांनी मला वरच्यावर धरलं.

"दादा, असं नका करू," त्या म्हणाल्या. "बाळाजवळ लई माणसं हायत. ह्यांच्याजवळ कुणी न्हवतं."

कापडी पिशवी घेऊन त्या निघून गेल्या. पुढं त्यांची भेट झाली नाही. त्यांचा देव कोणता, त्या देव मानतात की नाही, मला माहीत नाही. मला जे भेटायचं होतं ते त्यांच्या रूपानं भेटलं, इतकंच मी जाणतो. ती चीर मला दिसली ही कृपाच, पण महानंदाचा हात माझ्या हातातून सुटला आणि रिकामा राहिला नाही, ही त्याहून मोठी.

आता कधी तिची बहीण तिला सोलापूरला नेते, कधी पुतण्या नेतो. तिला निरोप देऊन मी घरात येतो, तळहातावर लिंग घेतो आणि बसतो. आता मला बसवतं.