केतकीची क्रियापदं

हे मी आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आईजवळ नाही, मैत्रिणींजवळ नाही — केतकीजवळ तर नाहीच. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आम्ही दोघी नर्सिंग शिकायला सिडनीत आलो आणि हॅरिस पार्कला एका फ्लॅटमध्ये राहिलो. ती पुण्याची, इंग्रजी माध्यमाची. मी उदगीरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. बाबा डाळमिलमध्ये हमाल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. इंग्रजीतला भूतकाळ तर माझ्या जिभेवर टिकायचाच नाही. कालचं सांगतानाही मी ‘आय गो’ म्हणायची. केतकी सुधारायची, मी मान डोलवायची. त्याचा राग नव्हता. खरंच नव्हता.

दुसऱ्या सेमिस्टरला बाबा गेले. मला जाता आलं नाही. फोनच्या स्क्रीनवर बघितलं सगळं. त्या दिवशी केतकीने चहा केला, तिची शिफ्ट सोडून माझ्याशेजारी बसून राहिली — हेही सांगायला हवं ना?

तीन आठवड्यांनी वर्गातले काहीजण आमच्याकडे जेवायला आले. एकीने सहज विचारलं, तुझे वडील काय करतात? मी इंग्रजीत म्हणाले, माय फादर इज अ लोडर. चूक नव्हती ती. दुसरं काही तोंडातून निघेचना. केतकी पोळ्या वाढत होती. हसत म्हणाली, "वॉज गं बाई, वॉज. किती वेळा सांगू तुला?"

दोघं-तिघं हसले. त्यांना माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

मुद्दाम म्हणाली का? नसेल. सवयीने निघून गेलं असेल. ती लगेच भाजी आणायला आत गेली, तिच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या राहिलं. त्यानंतर मी क्रियापदांच्या मागेच लागले. ट्रेनमध्ये, किचनमध्ये, शिफ्टच्या ब्रेकमध्ये. वर्षभरात अशी वेळ आली की केतकीच सगळ्यांना सांगू लागली, लिहिलेलं हिला दाखवा, हिचं पक्कं आहे.

मग ती असाइनमेंट आली. चौघींची एकच फाइल, पण प्रत्येकीने आपापल्या पेशंटवर लिहायचं आणि मार्क वेगळे. शेवटचा हात फिरवून फाइल पाठवायचं काम माझ्याकडे. केतकीचा पेशंट तिच्या प्लेसमेंटमध्येच, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या आठवड्यांतच, वारलेला, एक म्हातारे गृहस्थ. तिने फार छान लिहिलं होतं. त्यांना चहा पातळ लागायचा. ते मुलीची वाट बघायचे.

मी ते वाचलं. आणि एकेक क्रियापद वर्तमानात आणलं. त्यांना चहा पातळ लागतो. ते मुलीची वाट बघतात. शेवटचा परिच्छेद, ते वारल्याचा — तो तसाच ठेवला, म्हणजे वरचं सगळं आणखी वाईट दिसेल. दहा मिनिटं लागली. वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं.

मृत पेशंटबद्दल इतक्या निष्काळजीपणे लिहिणारीच्या हातात नोंदी कशा द्यायच्या, असं मॅडमनी लिहिलं. केतकी त्या भागात नापास झाली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलमधल्या प्लेसमेंटच्या यादीतून तिचं नाव गेलं. तिचा होणारा नवरा तिथल्या खाणीत इंजिनिअर आहे. पहिल्या वर्षापासून ती त्या एका जागेकडे डोळे लावून होती. यादीत पुढचं नाव माझं होतं.

जागेसाठी केलं असं तुम्ही म्हणाल. तसं असतं तर निदान काही हिशेब तरी लागला असता. जागा माझ्या डोक्यातही नव्हती. मला फक्त ती चुकलेली बघायची होती, चारजणांत, त्याच गोष्टीत.

कोणी कधी काय बदललं ते त्या फाइलमध्ये दिसतं. एक क्लिक केलं असतं तर माझं नाव आलं असतं. तिने केलंच नाही. म्हणाली, "शिफ्टवरून येऊन लिहायला बसले होते ना, मीच माती खाल्ली. तुझ्यावर कशाला ढकलू?" वर मला स्टेशनवर सोडायला आली. माझी बॅग तिने ओढली.

मी हे कालगुर्लीतून लिहितेय. केतकी अजून सिडनीत आहे. आता ती दोन ओळींचा ईमेलसुद्धा मला दाखवल्याशिवाय पाठवत नाही. ज्या क्रियापदांची खात्री नसते ती पिवळी करून पाठवते — म्हणजे जवळजवळ सगळीच. खाली लिहिते, बघ ना गं, बरोबर आहे का?

सगळी बरोबर असतात. एकही बदलावं लागत नाही. हे मला पहिल्या नजरेतच कळतं, आणि तरी मी तासभर उत्तर देत नाही.

आजही दिलं नाही.