राब न भाजलेलं वर्ष

नवलाख उंबरे गावाजवळ कारखाने असलेल्या काही परदेशी कंपन्यांनी हवामानासाठी एकत्र काम करायचं ठरवलं आणि आमच्या कंपनीनं मला पुढं केलं. कारण एकच, माझं गाव आंदर मावळात. लोणावळ्यात फ्लॅट घेतल्यापासून मी गावाला वर्षातून एकदाच जातो, हे काही मी साहेबांना सांगितलं नाही.

ते एकदा म्हणजे राब भाजायला. भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, माती पसरून पेटवायचं. त्यासाठी आम्ही सगळे चुलतभाऊ जमायचो. मी कामाला कमी, सूचनांना जास्त.

कंपन्यांचं आम्ही घालायच्या टोपीवर कुणाचं चिन्ह मोठं यावरसुद्धा जमेना. राबाचा धूर थांबवायचा, यावर मात्र एकमत झालं. त्याऐवजी शेणखत घालून मातीचे उंच गादीवाफे करायचे आणि त्यांवर बी टाकायचं. देवळात कंपन्यांच्या परदेशी पाहुण्यांसमोर मी चुलत्यांना समजावलं, "आबा, हवामान बदललंय."

"व्हय, दिसतंय की. तुजं पोट बी लय बदललंय. पर रोपं न्हाई आली, तर खायाचं काय? तुजी टोपी?"

देऊळ हसलं. काय म्हणाले, असं पाहुण्यांनी विचारलं. म्हटलं, कल्पना आवडलीय त्यांना.

तरी माझ्या शब्दाखातर आबांनी राब भाजला नाही. रोपं तरारून आली. कंपनीत फोटो लागला.

पुढच्या उन्हाळ्यात भावांना फोन केले, गावाला कधी जायचं?

"कशाला? राब कुठं आहे आता!" ठाण्याचा म्हणाला. बाकीच्यांचंही तेच.

मग एकटाच गेलो. काकी दारातच म्हणाली, "एकलाच? बाकीची कुटंयत?"

"येतायत मागनं," माझ्या तोंडून निघून गेलं.

आबा बांधावर बसले होते. मीही टेकलो. या वेळेला इथं डोळे चुरचुरायचे, पाण्याच्या घागरी घेऊन पळापळ व्हायची, कुणाची तरी पँट ठिणगीनं जळायची आणि त्यावर वर्षभर चेष्टा चालायची. आता हवा अगदी स्वच्छ होती. मी छाती भरून श्वास घेतला. काहीच वास आला नाही.

"रोपाचं चांगलं झालं, खोटं कशाला बोलू," आबा म्हणाले. "पर त्या कंपन्यांना इचार, उन्हाळ्यात हितं दुसरं काय तरी काम काढत्याल का? लय नको. पोरं येण्यापुरतं."

"विचारतो," म्हटलं.

आम्ही घरी येऊन जेवायला बसलो. मागनं येणाऱ्यांसाठी काकी चुलीपुढं अजून भाकऱ्या थापतच होती.