उंबराचं पाणी

बोरिवली स्टेशनाबाहेर आले तेव्हा ऊन नुकतंच कौलांवर चढलं होतं आणि तीन टांगेवाले तावातावाने भांडत होते. भांडण माझ्यावरूनच होतं. एकटी मुलगी, हातात पत्र्याची पेटी, गोराईच्या खाडीवर जाणार, म्हणजे भाडं नक्की. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या घोड्याची मला दया आली आणि मी त्याच्या टांग्यात बसले. ही दया पुढे फार महागात पडली. तो घोडा वाटेतल्या प्रत्येक झाडाशी थांबून विचार करत असे.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकते. घाटकोपरला आमच्या चाळीत कुणी विचारलं, "पोरगी काय शिकते हो?" तर गिरणीत काम करणारे माझे वडील सांगतात, "माणसं शिकते." आमच्या सरांनी सुटीआधी वर्गाला एक काम दिलं होतं. माहितीतलं नसलेलं एखादं गाव निवडायचं, दोन दिवस तिथे राहायचं, आणि कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाच्या हातचं खातं, एवढंच डोळे उघडे ठेवून पाहायचं. माझी वर्गमैत्रीण फिलोमिना गोराईची. नाताळ उलटताच तिच्या मोठ्या बहिणीचं, रोझीचं लग्न होतं. "लग्नाइतकं काय दिसतं गं दुसरीकडे? ये सरळ," ती म्हणाली, आणि मी निघाले.

टांग्यात माझ्याशेजारी बोरिवलीच्याच एक बाई बसल्या होत्या.

"एकटीच निघालीस? धीट आहेस हो. आडनाव काय म्हणालीस?"

"अजून म्हणाले नाही," मी हसले आणि सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. ते कुणाचंही असू शकतं.

"म्हणजे कुठले तुम्ही?"

"रत्नागिरीकडचे."

"ते झालं गं. पण त्यांच्यातले कुठले?"

मी सांगितलंही असतं, पण त्यांचं वळण आलं आणि पिशवी सावरत त्या उतरल्या. उतरल्यावरही दोनदा मागे वळून पाहिलं बिचाऱ्यांनी. आमचे सर म्हणतात, आपल्याकडे जात कुणी विचारत नाही, फक्त तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचतात.

खाडीवर ओहोटी लागली होती. तिवरांची मुळं उघडी पडलेली, पलीकडे मिठागरांचे पांढरे ढीग, आणि होडी उभी होती ती चिखलापलीकडच्या पाण्यात. तिथवर चालत जायचं. चारच पावलांत चिखलाने माझी उजवी चप्पल गिळली. मी हात घालून शोधू लागले तर होडीवाला ओरडला, "सोड ती, बाय! भरती आली की तिची ती पोहत येल." सगळी होडी हसली. मीही हसले, डावी काढून पेटीत टाकली आणि अनवाणीच गोराईच्या किनाऱ्यावर उतरले.

गाव पाहून मला आमचं कोकणातलं गावच आठवलं. माडांखालची कौलारू घरं, ओट्यांवर वाळत घातलेलं भात, कोपऱ्याकोपऱ्यावर हार घातलेले क्रूस. फिलोमिनाच्या दारात मांडव होता आणि मांडवात बायकांचा नुसता गलका. कुणी मसाला वाटत होती, कुणी फुगे (मैद्याचे तळलेले गोल, गोडसर पाव) कढईत सोडत होती. काठाचं लुगडं घट्ट नेसलेली, कानाच्या पाळीवर सोन्याची जड कर्णभूषणं घातलेली एक धिप्पाड बाई त्या सगळ्यांवर हुकूम चालवत होती. ती फिलोमिनाची इझाबेलआत्या.

"कवा आयलीस गो? अन् पायात काय नाय? खाडीनं खाल्लं वाटतं!" तिने मला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि गरम फुगे व कालवण पुढ्यात ठेवलं. मी नको नको म्हणेपर्यंत ताट तीनदा भरलं. घरच्यासारखं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे. इथे ते खरंच वाटलं.

दुपारी फिलोमिनाने गाव दाखवलं. किनाऱ्याला मच्छीमारांची वस्ती, आत शेतकऱ्यांची, म्हणजे फिलोमिनाच्या लोकांची. देऊळ (इथे चर्चला देऊळच म्हणतात) दोघांचं एकच.

"म्हणजे तुमच्यात हे जातपात नाही?" मी विचारलं.

"छे गं. मिस्सेला (देवळातल्या प्रार्थनेला) सगळे एकत्र." ती जरा थांबली. "लग्न मात्र आपापल्यात. आणि विहिरी वेगळ्या. आणि देवळात ते त्या बाजूला बसतात, आम्ही या." मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "वाट लागली! तुझ्यामुळे मलाही दिसायला लागलं."

उन्हं उतरली तशी मांडवात बँड वाजू लागला. आता उंबराचं पाणी आणायचं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुली वाजतगाजत विहिरीवर जातात, कळश्या भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पाच मुली ठरलेल्या, त्यातली एक सकाळपासून तापाने पडलेली. इझाबेलआत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळदी-फुलांनी सजवलेली पाचवी कळशी सरळ माझ्या हातात दिली.

"तू चल. शिकलेल्या पोरीच्या हातचं पानी, नवरी हुशार निघंल!"

बायका हसल्या. कळशी माझ्या हातात होती. फिलोमिनाला माझी जात ठाऊक होती, आत्याला नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती. गप्प राहिले असते तर त्या गावात कुणाला कधी कळलं नसतं. पण इतक्या प्रेमाने जेवू घातलेल्या बाईच्या गैरसमजावर उभं राहून मला ते पाणी आणायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चोरून तर मुळीच आणायचं नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "आम्ही महार. गावी आम्हाला विहिरीच्या काठावर चढू देत नाहीत. हे माहीत असून कळशी देत असाल, तर मी आनंदाने नेईन."

बँडवाल्याने तेवढ्यात श्वास घ्यायला थांबावं! माझा आवाज मांडवभर गेला.

आत्याचा हात कळशीकडे आला आणि मध्येच थांबला. "हे आधी सांगायचं व्हतं गो," ती हळू म्हणाली. मागे कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, विहीर काय एका घराची हाय का, सगळ्या आळीची हाय. फिलोमिना लालबुंद झाली. "आत्या, दर रविवारी मिस्सेला काय झोपा काढतेस?"

"तू गप. तुला उद्या या आळीत राहायचंय ना?"

मान खाली घालावी असं मला एकदाही वाटलं नाही. बोलून झालं होतं. आता उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

ते आलं घरातून. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे, अशी रोझी दारात उभी होती. नवरीने त्या वेळी बाहेर यायचं नसतं, म्हणून बायका आणखीच गडबडल्या.

"पाणी कुणाच्या अंगावर पडणार आहे?" तिने विचारलं. "माझ्या ना? मग कुणी आणायचं ते मी सांगते. ही आणेल."

"अन् तुझ्या सासऱ्याला कळलं म्हंजे?" आत्याने विचारलं.

"सासरे काय आंघोळीला येणार आहेत?"

मग तीच म्हातारी, आळीची विहीर म्हणणारी, तोंडाला पदर लावून खुदकन हसली, आणि तिचं हसू मांडवभर पसरलं. बँडवाल्याने संधी साधून ढोलावर टिपरी मारली. दोघीजणी मात्र हसल्या नाहीत. आपल्या मुलींना घेऊन त्या घरी गेल्या. पाचांतल्या त्या दोघींच्या जागी फिलोमिनाने आणि तिच्या चुलत बहिणीने कळश्या उचलल्या.

विहिरीला दगडी काठ होता आणि शेजारी खरंच एक जुना उंबर. गावी गेलं की माझी आई खाली, दूर, घागर ठेवून कुणीतरी वरून पाणी वाढेपर्यंत बसून राहायची. मी तिच्या मांडीला चिकटून बसायचे. इथे मी काठावर चढले, अनवाणी पायांना दगड गार लागला, आणि दोर सोडला. खाली कळशी पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. ओढताना हात भरून आले. पाणी एवढं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. वर येताच चौघी ओरडल्या, "झकास!" आणि आम्ही नाचतच परत आलो. रोझीच्या डोक्यावर पहिली धार मीच धरली. ती थंडीने किंचाळली आणि मला शिव्या देत हसत राहिली.

रात्रीच्या पंगतीत इझाबेलआत्या माझ्याशी बोलली नाही. लग्न मात्र दुसऱ्या दिवशी थाटात लागलं. मी निघाले तेव्हा आत्या माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

"गप राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? तुलाबी त्रास नाय, आमालाबी नाय."

"मग पाणी मी आणलं नसतं, आत्या. तुम्हाला वाटली ती कुणी वेगळीच मुलगी घेऊन आली असती."

तिने कमरेला खोचलेली पुरचुंडी काढली. त्यात फुगे होते. ती ते फाटकाच्या दगडावर ठेवते की हातात देते, हे मी पाहत होते. तीही तेच ठरवत असावी. शेवटी तिने माझा हात ओढला, पुरचुंडी त्यात कोंबली आणि म्हणाली, "आईला दे. अन् चप्पल घे नवी."

येताना खाडी काठोकाठ भरली होती. होडीत बसून मी सरांना काय सांगायचं ते जुळवत होते. कोण कुठे बसतं ते मी पाहिलं होतं. पण बसलेली माणसं उठूही शकतात, एकजण बोलली की दुसरी दारात येते आणि तिसरी हसते, आणि दोघी तरीही निघून जातात, हे सगळं मला एकाच संध्याकाळी दिसलं होतं. हा विषय आता मी सोडणार नाही, एवढं नक्की.

घरी वडील पाळीवरून आले होते. मी सगळं सांगितलं. आईने फुगे ताटलीत काढले. शेवटी वडिलांनी विचारलं, "प्यालीस का ते पाणी?"

"प्याले की. ओंजळभर."

"कसं होतं?"

"मचूळ, बाबा. खाडीजवळची विहीर ती."

ते आईकडे वळले. "ऐकलंस?" ते म्हणाले. "मचूळ!" आणि मग दोघंही इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी काय झालं म्हणून भिंतीवर थाप मारली.