अकरा वाजताची कंप्लेंट

भूतबित मी मानत नाही. माझ्या सासूच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्या तोंडावर तांब्याभर थंड पाणी मारलं होतं. लगेच शुद्धीवर आली. तेव्हा हे वाचून मला कोणी तोडगे सांगू नका.

लकडगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी झाडू-पोछा करते. वय एकोणसत्तर, शिक्षण चौथी. मागच्या लहान खोलीत सर्व्हर नावाची मशीन आहे. पेशंटचे आठ वर्षांचे रिपोर्ट तिच्यात. पुढून चार डिस्क दिसतात, खणांसारख्या. खंडेनवमीला सगळ्या मशीनना हळदकुंकू वाहताना मी आधी दुसऱ्या डिस्कलाच बोट लावलं आणि कल्पना मॅडम ओरडल्या. कॉम्प्युटरचं सगळं त्याच बघतात. म्हणून कुंकू त्या एकाच डिस्कवर राहिलं.

पुढच्या सोमवारी दुपारी बाराला मशीन टी-टी वाजू लागली. तिसऱ्या डिस्कचा दिवा नारिंगी.

"मावशी, मागून टॉर्च धरा. कंपनीले फोन करायच्या आधी सगळं लिहून ठेवावं लागते. नाहीतर ते लोक डोकं खातात."

"माझं तर तुम्ही रोजच खाता."

मशीनचा नंबर, कोणता दिवा, किती वेळा वाजली... सगळं कागदावर उतरवलं. नवी डिस्क कपाटात होतीच. फोन झाला की टाकायची. मॅडमनी फोन स्पीकरवर लावला.

तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, ही कंप्लेंट अकरा वाजताच आली आहे. तुमच्याकडच्या एका आजींनी दिली."

"कोणत्या आजी? मशीन तर आत्ता वाजून राहिली."

"नंबर बरोबर सांगितला त्यांनी. म्हणाल्या, नवी डिस्क इतक्यात टाकू नका, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. कुंकवाची पण जाणार आहे. म्हणजे काय ते मला समजलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काय वं मावशी, तुम्ही केला फोन?"

"मी काहून करू? मले तुमच्या कंपनीचं नाव तरी माहीत आहे काय?"

अकराला मी काउंटरसमोर पोछा मारत होते. बसलेल्या पेशंटनी पाहिलं आहे. खोलीची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये होती. आणि मशीनवरचा नंबर इंग्रजीत, मला ते अक्षर वाचता येत नाही.

मॅडमनी नवी डिस्क बाजूला ठेवली आणि रिपोर्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतले. पाच वाजले. काम संपलं आणि पाव तासात कुंकवाच्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला... मशीन बंद. मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "एक गेली तर मशीन चालते, दोन गेल्या की संपलं. नवी टाकली असती तर ती भरायच्या ताणानं ही मधातच गेली असती. एक रिपोर्ट हाती लागला नसता."

गुरुवारी त्यांनी कंपनीकडून त्या अकराच्या फोनचं रेकॉर्डिंग मागवलं. आवाज माझा. मधला खोकलाही माझाच. शेवटी तिकडचा माणूस त्यांच्या नियमाप्रमाणे विचारतो, "पार्ट पाठवल्यावर फोन कोणाला करू? तुम्हालाच?"

"मले नको करू गा," माझा आवाज म्हणतो. "पार्ट येईल तेव्हा मी नाही राहणार."

मॅडम म्हणतात, रजा घ्या, लेकीकडे जा. मी म्हटलं, मरणाले लेकीचं घर सापडत नाही काय?

फोन कुठून गेला ते कंपनीला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. पहिली गोष्ट खरी निघाली, एवढं माहीत आहे. पार्ट, म्हणजे कुंकवाच्या जागची नवी डिस्क, मंगळवारी येणार आहे. त्या दिवशीही पोछा मीच मारणार.