काश्यप गोत्राचा गिटारवाला

माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दुसरा नाही. हे विधान मी पहिल्यांदा केलं त्यानंतर हद्द वाढली, कितीतरी गावं आत आली, पण ते मागे घ्यायची वेळ आलेली नाही. साडू लिफ्टला भितात, कुकरला भितात, मशरूमच्या भाजीला भितात आणि 'सहज फोन केला होता' असं म्हणणाऱ्या माणसाला तर फारच भितात. रिक्षातसुद्धा ते हेल्मेट घालून बसतात. एकदा कर्वेनगरच्या एका रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे बघत विचारलं, "काका, माझ्यावर विश्वास नाही का?" साडू म्हणाले, "तुमच्यावर आहे हो. बाकीच्या पुण्यावर नाही." महाबळेश्वरला मेहुणीने हट्टाने घोड्यावर बसवलं, तेव्हा त्यांनी घोडेवाल्याला घोड्याचं वय, त्याचा स्वभाव आणि आदल्या दिवशीचा आहार असं सगळं विचारून घेतलं आणि मग खाली उतरले. घोडा तोवर जागचा हललाही नव्हता.

अशा माणसाने आयुष्यभर प्रेम कशावर करावं? तर अमेरिकेतल्या एका जुन्या बँडवर, ज्याच्या गाण्यांत वाळवंटातले रस्ते, घोडे, मालट्रक आणि घरदार सोडून निघालेली माणसं यांच्याशिवाय काही नसतं. या संगीताला तिकडे कंट्री रॉक म्हणतात. आमच्या सासूबाई 'थोरल्या जावयांचं ते घोड्यांचं' म्हणायच्या. साडूंना हे वेड लागलं इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. एका खोलीत चार मित्र, एक टेपरेकॉर्डर आणि झिजत आलेली एक कॅसेट. बँडमध्येही चौघेच, म्हणून एका रविवारी चिठ्ठ्या टाकून यांनी तो आपसांत वाटून घेतला. एकाला ड्रमवाला आला, जळगावच्या मित्राला गिटारवाला आला, खोलीतल्या सगळ्यात हसऱ्या मुलाला गायक आला आणि आमच्या साडूंना बास गिटारवाला. बास म्हणजे जाड तारांची गिटार. वाजत असते तेव्हा कुणाला कळत नाही, थांबली की मात्र गाण्यातलं काहीतरी गेलंय असं वाटतं. वाटणी अगदी योग्य झाली होती.

ही पोरवयातली गंमत पुढे इतकी भिववील असं कुणाला वाटलं होतं? बँडमधला ड्रमवाला वारला आणि तीन महिन्यांत साडूंचा तो ड्रमवाला मित्र झोपेतच गेला. मग गिटारवाला वारला, आणि त्याच महिन्यात जळगावचा मित्र न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला. मी म्हटलं, "अहो, पण तो आहे की अजून! काल तर तुमच्याशी फोनवर भांडत होता." साडूंनी आवाज खाली आणला. "आहे हो. पण इशारा होता तो."

त्या दिवसापासून त्यांनी बासवाल्याची तब्येत आपल्या अंगावर घेतली. रोज पहाटे पाच वाजता उठून, चूळ भरायच्याही आधी, ते फोनवर त्याची बातमी बघत. बातमी नसली की चहा. तो ऐंशीचा म्हातारा बर्फात बोडक्याने उभा असलेला फोटो दिसला की दिवसभर यांना कणकण. बँडच्या चाहत्यांच्या पानावर त्यांनी त्याला हळदीचं दूध, कानटोपी आणि जिन्याचा कठडा या विषयांवर सविस्तर सल्ले लिहिले. त्याच्यासाठी संकष्टी धरली. इतकंच नव्हे, तर कोपऱ्यावरच्या गणपतीला त्याच्या नावाने अभिषेकही सुरू केला. पहिल्या खेपेला मी बरोबर होतो. गुरुजींनी नाव विचारलं. साडूंनी ते परदेशी नाव सांगितलं. गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "गोत्र?" साडू माझ्याकडे बघायला लागले. "ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात," गुरुजी म्हणाले, "आणि हात जोडा, मागे रांग आहे." तेव्हापासून तो म्हातारा काश्यप गोत्राचा झाला.

मी या सगळ्याला हसायचो. माझं हसू थांबलं ते साडूंच्या बायपासच्या वेळी. सकाळी अकराला त्यांना आत घेणार होते. सात वाजता मेहुणीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी मला ओळखूच आला नाही. "भाऊजी, तो बासवाला गेला हो." मी शिकलेला माणूस, चिठ्ठ्यांनी कुणी मरत नाही हे मला पक्कं ठाऊक. पण त्या सकाळी मीही बोटांवर मोजलं: ड्रमवाला, गिटारवाला, आता बासवाला. बातमी यांच्या कानावर गेली तर हे टेबलावर चढण्याआधीच भीतीने जातील, असं आमचं दोघांचं ठरलं. हॉस्पिटलमध्ये मेहुणीने "इथे फोन चालत नाहीत" म्हणून त्यांचा फोन काढून घेतला. त्यांनी तो इतक्या मुकाट्याने दिला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बाहेरच्या बाकावर इंग्रजी पेपर पडला होता. आतल्या पानावर म्हाताऱ्याचा फोटो. मी ते पान फाडून खिशात कोंबलं आणि साडूंकडे बघून हसलो.

आत नेताना त्यांनी माझा हात धरला. बोटं बर्फासारखी गार. "अहो, बाकी सगळे ठीक आहेत ना?"

"ठणठणीत."

"सगळे?"

"सगळे," मी म्हणालो. त्यानंतरचे पाच तास मी जन्मात विसरणार नाही. मेहुणी जपमाळ ओढत होती आणि मी दर वेळी दार उघडलं की उभा राहत होतो, आणि मनातल्या मनात त्या हॉस्टेलच्या चिठ्ठ्यांना शिव्या देत होतो.

साडू वाचले. महिन्याभराने, ते गॅलरीत बसून मऊ भात खात असताना, मी धीर करून खरं सांगून टाकलं. त्यांनी घास संपवला. "मला त्या दिवशी पहाटे पाचलाच कळलं होतं."

"आणि तरी गेलात?"

"हिचा चेहरा पाहिला होता तुम्ही? आणि स्वतःचा? म्हटलं, घरात एकाने तरी धीर धरायला हवा. घाबरलो मीही होतो, पण तुम्हा दोघांना घाबरवायचं जिवावर आलं."

मी म्हटलं, "बरं झालं. आता तरी ते वाटणीचं खूळ खोटं ठरलं!"

यावर ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ताटली खाली ठेवली. त्यांचा असा घाबरलेला चेहरा मी लिफ्टमध्येही पाहिला नव्हता. "तीच तर भीती आहे," ते म्हणाले. "तो आमचा गायक. शेवटच्या वर्षी वडील गेले म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. पत्रं टाकली, ती परत आली. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, बँडचा गायक आहे म्हणजे आपलाही कुठेतरी असणार. आता कशावरून धरू?"

मी चिठ्ठ्यांना हसणारा माणूस. पण त्या क्षणी मी जितक्या ठामपणे बोललो, तितका आयुष्यात कधी बोललो नसेन. "खोटं कसं ठरेल? तुम्ही अभिषेक केलेत, संकष्ट्या केल्यात, म्हणून तुमच्यापुरतं टळलं. नियम आहे तिथेच आहे." माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. मग ते हळूच म्हणाले, "पुढची चतुर्थी कधी आहे हो?"

चतुर्थीला आम्ही दोघे गेलो. साडूंच्या डोक्यावर हेल्मेट होतंच. गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा साडूंनी दोन सांगितली, एक गायकाचं आणि एक त्या हसऱ्या मुलाचं. "गोत्र?" साडू पुन्हा माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मीच म्हणालो, "दोघांचंही काश्यप."

हल्ली मलाही पहाटे पाचला जाग येते. ही झोपलेली असते. मी चूळही न भरता फोन उघडतो आणि त्या गायकाची बातमी नाही ना, ते भीत भीत बघतो. नसली की साडूंना एवढंच कळवतो, "आहे." पलीकडून लगेच उत्तर येतं, "चहा टाकतो."