बोंडलंभर दूध

माझ्या भावाला मुलगी झाली आणि तिचा वरचा ओठ माझ्यासारखाच फाटलेला निघाला, तेव्हा घरात रडारड झाली. मी तेवढी रडले नाही. खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. पंचवीस वर्षं त्या घरात असं तोंड माझ्या एकटीचं होतं.

माझ्या वेळी सगळ्यांनी आईला धरलं होतं, ग्रहणात विळीवर बसली म्हणून. वहिनी बिचारी ग्रहणात जागची हललीही नव्हती, तेव्हा बोट माझ्याकडे वळलं. तिची आई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोटुशी असताना रोज सकाळी हेच तोंड पाहे, मंग काय होईन?" बाकीचे जरा सांभाळून म्हणायचे, "आत्यावर गेली." मला ते आवडायचं.

पोरीला अंगावर ओढता येईना. दूध नाकातून यायचं आणि दोघी मायलेकी रडायच्या. मग मीच तिला मांडीवर उभी धरून बोंडल्यानं त्याच्या चोचीतून थेंब थेंब पाजू लागले. आईनं मला असंच जगवलं होतं. वहिनी म्हणायची, "द्या ना ताई, मी पाजून पायतो." मी म्हणायची, तुला जमत नाही. जमलं असतं.

चार महिने झाले आणि भावानं खबर आणली. आदिलाबादला एक डॉक्टर ओठ शिवतो, सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी. माझा नुसता जळफळाट झाला. मी नऊ वर्षांची असताना नागपूरला सोळा दिवस पडून होते, हात खाटेला बांधलेले, आणि पदरात पडलं काय, तर हा गाठीसारखा व्रण. तीन स्थळं त्यावरून परत गेली. आणि ही एवढीशी कार्टी सकाळच्या बसनं जाऊन दिवेलागणीला सुंदर होऊन येणार! तान्ह्या पोरीचा हेवा करायची लाज वाटली, पण हेवा काही लाजेनं गेला नाही.

वजन करायला नेलं तेव्हा नर्सनं तेलुगूत बजावलं होतं, "पालु वद्दु." मग तेच हिंदीत सांगितलं: पहाटेपासून दूध द्यायचं नाही. पोटात काही गेलं तर भूल देता येणार नाही, पुन्हा दोन महिन्यांनी या.

ऑपरेशनच्या दिवशी आमच्या इचोड्याहून पहिल्या बसनं आम्ही गेलो. नंबर लांबला. भाऊ-वहिनी कागद करायला आत गेले आणि पोर माझ्याजवळ राहिली. भुकेनं माझ्या पदराला तोंड लावत होती. पिशवीत ऑपरेशननंतरसाठी उकळून आणलेलं दूध होतं, बोंडलं होतं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. दोन घोट पाजले की काम झालं. दया आली म्हटलं असतं, तर खपूनही गेलं असतं. आणखी दोन महिने ती माझी राहिली असती.

मी बोंडलं भरलं. चोच तिच्या ओठाजवळ नेली. तिनं ओळखलं, रडं थांबवलं आणि तोंड उघडून वाट पाहत राहिली.

ते दूध मी स्वतःच पिऊन टाकलं. डब्यातलं उरलेलंही, घटाघटा, पुन्हा हात तिकडे जायला नको म्हणून. पोरीनं टाहो फोडला.

वहिनी धावत आली. रिकामं बोंडलं पाहून तिचा चेहरा उतरला. "ताई, पाजलं काय तुमी?"

मी नुसती नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या व्रणाच्या खाचेत दूध साचतं आणि मला ते कळत नाही. पदराच्या टोकानं तिनं माझा ओठ पुसला. इतक्या दिवसांत या ओठाला तिनं कधी हात लावला नव्हता.

संध्याकाळी परतताना बसमध्ये तिनं चहावाल्याकडचं दूध बोंडल्यात ओतलं. पोर उभी कशी धरायची, टाक्यांना न लावता चोच कडेनं कशी द्यायची, हे मी तिला तेव्हा पहिल्यांदा दाखवलं. इचोडा येईपर्यंत पोर पोटभर पिऊन झोपली. वहिनीनं एक थेंब सांडला नाही, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की रडूच फुटलं.