सासऱ्यांचा उखाणा

भाचीच्या लग्नात पंगतीला नाव घ्यायची वेळ आली आणि ती पाठ केलेला उखाणा पार विसरली. बायका "घे गं नाव" म्हणून हटूनच बसल्या. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचे सासरे भरल्या ताटावरून उठले. चारचौघांत बायकोला कधी नावाने हाकही न मारणारा हा माणूस.

"वरणभातावर तूप, लिंबाची फोड, सुमनचं नाव घेतो, आता पोरीला सोडा."

यमक लंगडं होतं. मांडवभर हशा पिकला, नवरीसुद्धा हसली. हिरो म्हणजे छाती काढून चालणारा, असं मला वाटायचं. हा तर लाल कानांनी, खाली मान घालून भात कालवत होता.

त्यांची बायको मगाचपासून त्यांच्याकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "पुन्हा घ्या बघू, माझं लक्ष नव्हतं."